तिसरी उसळी

त्या वर्षी वैशाखात मधुकरभावजी आमच्या घरी महिनाभर राहिले. जावयाने सासुरवाडीत इतके दिवस काढायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि भावजींचा स्वभाव तर असा की दोन दिवसांसाठी आले तरी परतीच्या एसटीची चौकशी आल्या पावली करायचे. या खेपेला मात्र त्यांच्याबरोबर माझी थोरली बहीण सुमती होती, तिची दीड वर्षांची मुलगी होती, एक ट्रंक होती आणि भावजींची हत्यारांची लोखंडी पेटी होती. "ही कित्याक आणलात?" आईने पेटीकडे बघत ताईला विचारलं. "थय कोणाच्या भरवशार ठेवची?" एवढंच म्हणून ताई पाय धुवायला मागच्या दारी गेली. मी पडवीत बसलो होतो; त्यांच्याआधी चार दिवस घरी आलो होतो. ती पेटी का आली हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणामुळे आली ते फक्त मला.

आमचं घर खाडीच्या तोंडाशी, मालवणपासून चालत तासाभरावर. बाबा तांडेल होते. कौलं, मीठ, तांदूळ भरून त्यांचं गलबत मुंबईपर्यंत जायचं, आणि वैशाखात ते किनाऱ्यावर ओढून घेतलं की चार महिने बाबा घरी. त्या दिवसांत आमच्या वाडीत सकाळपासून एकच आवाज असे, फळ्यांच्या फटींत कापूस ठोकणाऱ्या मोगरीचा. त्याच्या जोडीला माशाच्या तेलाचा वास, जो आंघोळ केली तरी अंगाचा जात नसे. खळ्यात कोकमाची सोलं वाळत पडलेली, त्यांच्या लाल पाण्याचे ओघळ सारवलेल्या जमिनीवर. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, दुपारी भात आणि सोलकढी. जावई आले म्हणून आईने दुसऱ्याच दिवशी शिरवाळ्यांचा घाट घातला. उकडलेल्या पिठाचे गोळे लाकडी साच्यात घालून वरून दांडा दाबायचा आणि खाली उतरणाऱ्या शेवया नारळाच्या गोड रसात सोडायच्या. दांडा दाबायला जोर लागतो, ते काम माझं. ताईने पहिलं ताट भावजींना वाढलं, दुसरं मला. "पोटभर खा रे," ती म्हणाली. "त्या दिवसापासून जेवणार वासनाच नाय तुजी." तिला वाटत होतं, मित्राच्या अपघाताने मी खचलो आहे. मी खाल्लं. दुसऱ्यांदाही घेतलं.

भावजी मूळचे पिंगुळीकडचे. घाटावरच्या एका गावाबाहेर, उघड्या माळावर, विमान चालवायला शिकवणारा एक क्लब होता, तिथे ते मुख्य मेकॅनिक. कॉलेजसाठी मी ताईकडे राहायला गेलो आणि सुट्टीच्या दिवशी भावजींचा डबा घेऊन हँगरमध्ये जाता जाता तिथलाच होऊन गेलो. माझं नाव क्लबात घातलं ते भावजींनी. बाबांची समजूत काढली तीही त्यांनीच. "मामांनू," ते बाबांना म्हणाले होते, "तुमी वाऱ्यार गलबत चलयतास, हो वाऱ्यार इमान चलयतलो. फरक काय तो सांगा." बाबा हसले आणि आईकडे बघून म्हणाले, "जांव दे तेका."

विमान म्हणजे दोन मजली पंखांचं, लाकडाच्या सांगाड्यावर कापड चढवलेलं, पुढे-मागे दोन माणसं बसतील एवढं. रोज सकाळी उजाडताना भावजी त्याची तपासणी करत. घाई नाही, बोलणं नाही. आधी डोळ्यांनी, मग बोटांनी, आणि चाकं जिथे अंगाला जोडलेली असतात तिथे खिशातलं भिंग काढून. सगळं झालं की वहीत सही. विद्यार्थी म्हणायचे, मधुकररावांची सही असली की वहीतलं वाचायची गरज नाही. मी त्यांचा मेहुणा, म्हणून ते ऐकताना माझी छाती फुगायची.

त्या सकाळी सही झाल्यावर पहिलं उड्डाण माझं होतं. एकट्याने उडायला लागून मला महिना झाला होता आणि शिकवणारे सर चारचौघांत माझं नाव घेत. फेरी नीट झाली. उतरताना उन्हं समोरून आली आणि जमीन जवळ आली असं मला वाटलं, तेव्हा ती अजून दहा-बारा फूट खाली होती. मी नाक उचललं, विमानाचा वेग मेला, आणि ते दगडासारखं पडलं. पडून उसळलं. अशा वेळी इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, पुन्हा वर जायचं आणि नवी फेरी घ्यायची, हे आम्हाला शंभर वेळा सांगितलेलं. मी विमान वर-खाली करायची काठी पोटाशी घट्ट धरून बसलो. दुसऱ्यांदा आपटलं, पुन्हा उसळलं. तिसऱ्यांदा खाली आलं ते वाऱ्याने तिरकं होऊन, डाव्या चाकावर, आणि त्या वेळी माझ्या पायांखाली कुठेतरी सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. मग विमान सरळ धावू लागलं आणि थांबलं.

मी आजूबाजूला पाहिलं. सर ऑफिसात फोनवर होते. हँगरपासून मी लांब होतो आणि मधे धूळ होती. कुणी धावत आलं नाही. उतरून मी चाकांना फेरी मारली, कापडावर हात फिरवला, वाकून पाहिलं. काही दिसलं नाही. वहीत 'कठीण उतरलो' असे दोन शब्द लिहिले असते तर भावजींनी विमान बाजूला घेतलं असतं, कापड सोडलं असतं आणि आतला सांधा पाहिला असता. पण मग सरांनी मला पुन्हा त्यांच्याबरोबर उडायला लावलं असतं, आणि चारचौघांत घेतलं जाणारं नाव बंद झालं असतं. मी लिहिलं नाही. हँगरच्या दारात भावजी हात पुसत उभे होते. "बरो उतारलंस मां?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "व्हय."

पुढची पाळी अरविंदची होती. मिरजेकडचा, माझ्याच वयाचा, बोलायला लाजाळू. तो परत आला तेव्हा हँगरच्या दारात मी एकटाच होतो आणि त्याचं उतरणं मी अथपासून इतिपर्यंत पाहिलं. तो आवाज माझ्या कानातून गेला नव्हता, म्हणूनच पाहत होतो. अरविंदने विमान असं टेकवलं की चाकं कधी फिरू लागली ते कळू नये. थोडं अंतर धावलं, आणि विमानाच्या डाव्या चाकाचा पाय दुमडला. पंख जमिनीत रुतला, शेपूट वर गेली, विमान उताणं झालं. आम्ही पोहोचलो तेव्हा तो पट्ट्यांत उलटा लटकत होता. त्याचं तोंड समोरच्या काचांवर आपटलं होतं, आणि आपले पाय कुठे आहेत असं तो शांतपणे विचारत होता.

चौकशीसाठी बाहेरून एक साहेब आले. मोडलेला सांधा त्यांनी टेबलावर ठेवला. त्यांच्या मते दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर अरविंदने विमान आपटलं, नाही तर सांध्याला आधीच चीर होती आणि सकाळच्या तपासणीत ती सुटली. मला बोलावलं. "तुमचं लँडिंग?" "नॉर्मल, सर." "त्यानंतरचं लँडिंग पाहिलंत?" "धूळ होती, सर. दिसलं नाही." दोन मिनिटांचं काम. बाहेर बाकावर भावजी बसले होते, मी दिसताच ते उठले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "भियां नको. तुजो काय संबंध नाय हेच्यात." निकाल लागेपर्यंत उड्डाणं बंद झाली आणि भावजींना कामावर येऊ नका असं सांगण्यात आलं.

मी घरी आलो तर आईने नवस बोललेला. माझ्या नंतर जो उडाला तो पडला आणि मी वाचलो, यात तिला देवीचा हात दिसत होता. मंगळवारी ती मला धामापूरला भगवतीकडे घेऊन गेली. तळ्याचं पाणी त्या दिवसांत खाली गेलेलं असतं, तरी देवळाच्या पायरीवर गारवा होता. नारळ ठेवून पुजाऱ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवी म्हाराजा, ह्या लेकराक जसा सुखरूप जमनीर टेकयलंस, तसाच फुडेय सांभाळ. जो कोण झील आज आसपत्रीत पडान आसा, तेका बरो कर. आणि जेच्या हातसून ही चूक घडली आसात, तेका तुज्या पायाकडे घी..." प्रत्येक वाक्याला जमलेली चार माणसं म्हणत होती, "व्हय म्हाराजा." आईने मला कोपराने ढोसलं. "म्हण रे." मी ओठ हलवले. येताना वाटेत ती म्हणाली, "मधुकररावांसाठीय मागलंय मी. तेंचीय चूक पदरात घे म्हटलंय." तिच्याही मनात भावजी दोषी ठरून गेले होते.

भावजी घरात कसे राहिले ते आज लिहायला बसलो तर हात जड होतो. पंच्याऐंशी वर्षं पाठीशी टाकून झाली, पुष्कळ गोष्टी पुसट झाल्या, पण पडवीत आडवा पडून कौलांकडे बघणारा तो माणूस अजून स्वच्छ दिसतो. मुलगी पोटावर येऊन बसली तर तिला धरायचे, पण नजर वरच. मधेच माझ्याकडे वळून विचारायचे, "वसंता, मी भिंग लावललंय मां त्या दिवशी? तू आयलंलंस तेवा?" मी म्हणायचो, लावलं होतं. "मगे माका दिसूक कशी नाय?" त्याला माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते देत नव्हतो. पहिल्या आठवड्यात शेजारच्या काकी शिलाईचं यंत्र घेऊन आल्या. भावजींनी ते उघडलं, तासभर समोर घेऊन बसले आणि होतं तसं बंद करून परत दिलं. "दुसऱ्या कोणाक तरी दाखवा." काकी गेल्यावर ताई चुलीपुढे बसून रडली. धुरामुळे रडते असं आम्ही सगळे धरून चाललो.

मनात मी रोज सांगत होतो. पेज पिताना ठरवायचं, दुपारी सांगू. दुपारी वाटायचं, चौकशीचा निकाल भावजींच्या बाजूने लागला तर सांगायची वेळच येणार नाही. माणूस स्वतःला किती तऱ्हांनी समजावतो याची मला त्या महिन्यात मोठी ओळख झाली. पाप डोळ्यांसमोर जेवायला बसतं आणि आपण त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतो.

मग एका सकाळी बाबा गलबताकडे निघाले आणि भावजींनाही बळेच घेऊन गेले. मीही मागोमाग गेलो. शीड चढवायच्या मोठ्या कप्पीचा लोखंडी आकडा बाबांनी काढून ठेवला होता. जावयाचं मन कशात तरी गुंतावं, एवढाच त्यांचा हेतू असणार. "जावयबापू, हो आकडो जरा बघशात?" ते म्हणाले. "गेल्या खेपेक खडकार आपाटलो. माका बरो दिसता, पण तुमची नजर येगळी."

भावजींनी मला भिंग आणायला पिटाळलं. मी पेटी उघडून ते आणलं. त्यांनी आकडा रॉकेलच्या फडक्याने पुसला, उन्हाकडे धरला, भिंग लावलं. फिरवला. पुन्हा पुसला. पाव तास गेला असेल. कापूस ठोकणारी माणसं मोगऱ्या थांबवून बघू लागली. भावजींच्या कपाळावरून घाम आकड्यावर पडत होता आणि ते तो पुसत होते.

"मामांनू, माका सांगूक येना नाय," ते शेवटी म्हणाले. मग आकडा आणि भिंग माझ्यापुढे धरलं. "वसंता, तू बघ. माका चीर दिसता, आणि पुसून बघलंय की दिसना नाय. त्या दिवशीय असाच झाला आसतला."

मी आकडा घेतला. त्यावर गंजाची एक रेघ होती, बाकी काही नव्हतं. मी म्हटलं, "चीर नाय, भावजी. हेका नाय, आणि त्या दिवशी सकाळी इमानाकय नाय होती."

"तुका काय म्हायत?"

"मी आपाटलंय इमान. तुमच्या सहीनंतर. तीनदा उसाळला. तुमका मी खोटा सांगलंय, सायबाकय खोटा सांगलंय."

भावजी वाळूतल्या ओंडक्यावर बसले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "कितक्या वरसून?"

"धा-बारा फूट."

"खंयचा चाक आधी?"

"तिसऱ्या खेपेक डावा."

"आवाज इलो?"

"इलो. सुकी फांदी मोडता तसो."

प्रत्येक उत्तराला ते मान हलवत होते. "म्हणजे सकाळी नाय होती," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाय होती." तेच शब्द ते स्वतःशी आणखी एकदा पुटपुटले, उठले, माझ्या हातातला आकडा घेऊन बाबांना दिला. "आकडो बरो आसा, मामांनू." आणि पाण्याच्या कडेपर्यंत जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. लाटेने धोतर भिजलं तरी हलले नाहीत.

बाबा माझ्याशी ओरडून बोलले नाहीत. समुद्रावर आयुष्य गेलेला तो माणूस, वारा फिरला की जसा एक शब्द टाकायचा तसंच बोलले. "तो झील जगलो मां?" मी म्हटलं, जगला. "मगे उद्याच्या एसटीन जावया. मी येतंय."

घरी ताईला भावजींनीच सांगितलं, स्वयंपाकघरात, हळू आवाजात. ती पिठाच्या हातांनी बाहेर आली. "म्हयनोभर तू तेंका बघलंस," ती म्हणाली. "ते थय आडये पडान आपल्याच डोळ्यांक दोष दियत होते, तेवा तू बाजूक बसलंलंस. आणि माज्या हातचा जेवलंस. दोन-दोनदा वाढून घेतलंस." आई म्हणाली, "सुमे, पुरे." ताई म्हणाली, "माजा झाला," आणि आत गेली. आई तिच्यामागे गेली नाही आणि माझ्याजवळही आली नाही. वाळत घातलेल्या सोलांपाशी बसून ती एकेक सोल उलटवत राहिली.

पुढचं सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, त्याच्या पुढच्या सकाळी मी लिहून दिलं आणि साहेबांनी ते टाइप करून घेतलं. महिनाभर का गप्प बसलात, या प्रश्नाखाली 'घाबरलो' हा एकच शब्द आहे आणि त्याखाली माझी सही. क्लबातून माझं नाव काढलं गेलं. त्यानंतर मी विमानाच्या चाकाला हात लावला नाही, तालुक्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. भावजींना सन्मानाने परत बोलावलं आणि त्यांनी तिथेच नोकरी पुरी केली. ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत, फक्त विमानाविषयी कधी नाही. ताई भाऊबीजेला यायची, ओवाळायची, पण ओवाळताना माझ्या तोंडाकडे बघायची नाही. अशी सात वर्षं गेली. आठव्या वर्षी तिने वर पाहिलं. का, ते मी विचारलं नाही.

पण लिहून दिलं त्याच दिवशी दुपारी आणखी एक काम होतं. दवाखाना वरच्या मजल्यावर होता आणि बाबा जिन्याशी थांबले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. अरविंद कंबरेपासून प्लास्टरमध्ये होता, एका डोळ्यावर पट्टी. दुसऱ्या डोळ्याने त्याने मला ओळखलं आणि हसला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तो कौलांकडे बघत ऐकत होता.

"म्हणजे माझं लँडिंग बरोबर होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"तू पाहिलंस? नक्की?"

"दारात उभा होतो. पहिल्यापासून पाहिलं. चाकं टेकलेली कळली नाहीत, इतकं चांगलं होतं. मी साहेबांना दिसलं नाही म्हणून सांगितलं, तेही खोटं."

त्याच्या उघड्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. पुसायला हात वर येत नव्हता. मी पुढे झालो तर त्याने मान दुसरीकडे वळवली. "रात्रंदिवस ते लँडिंग करून बघतोय मी," तो म्हणाला. "कुठे चुकलो ते सापडत नव्हतं." मग म्हणाला, "आई बाहेर बाकावर आहे. रोज विचारते, आठवून बघ रे, तुझंच काही चुकलं असेल. तिला सांग."

"तू सांगशील तर..."

"मी नाही. तू सांग. आता जा."

बाहेर लांब बाकाच्या टोकाला एक बाई बसल्या होत्या. मांडीवर पितळी डबा होता आणि त्या मोसंबी सोलत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो तशी त्यांनी वर पाहिलं. "अरविंदचा मित्र का रे तू?" त्यांनी विचारलं, आणि डबा उचलून घेऊन शेजारी मला बसायला जागा केली. जिन्याशी बाबा उभे होते. ते जवळ आले नाहीत. मी बसलो नाही. उभ्यानेच माझं नाव सांगितलं आणि त्या सकाळच्या माझ्या उड्डाणापासून सांगायला सुरुवात केली.